लेकराला घरी शिकवायचं ठरवलंय? आधी दाखला सांभाळा, मग पुस्तकं निवडा

"मॅडम, पोरीले आता घरीच शिकवतो. पुस्तकायची यादी देता का?" दर उन्हाळ्यात असं विचारणारे दोन-चार पालक वाचनालयात येतात. कोणाची शाळा पटसंख्येअभावी अडचणीत आलेली असते, कोणाचं लेकरू आजारी असतं, कोणाला कामासाठी सहा महिने गावाबाहेर राहावं लागतं. काहींना तर शाळेत मूल नुसतंच बसून येतं एवढंच खुपत असतं. यादी मी देतेच, पण त्याआधी त्यांना बसवते आणि कागदांचं विचारते.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. माझ्या मुलीचं मधल्या वर्गांचं शिक्षण घरी झालं आणि दहावी तिने मुक्त विद्यालयातून दिली. ते करताना एक कळलं. या कामाला पैसा फारसा लागत नाही, पण कागद जपावे लागतात आणि रोज मोठ्याने वाचून दाखवणारं कोणीतरी घरात लागतं. ही दोन्ही कामं बाजारातला कोणताही 'किट' करून देत नाही.

१. कायदा काय म्हणतो ते आधी समजून घ्या

शिक्षणहक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. त्याच्या कलम १० मध्ये मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलं आहे, पण न केल्यास पालकाला दंड किंवा शिक्षा सांगितलेली नाही. घरच्या शिक्षणाला कायद्यात वेगळी मान्यता नाही आणि मनाईही नाही. त्यामुळे शाळाबाह्य मुलांचा सर्व्हे करायला गुरुजी दारात आले तर लपू नका, भांडूही नका. मुलाच्या वह्या आणि वाचनाची नोंदवही समोर ठेवा. शिकणारं लेकरू कोणाच्याही लक्षात येतं.

परतीची वाटही याच कायद्यात आहे. कलम ४ प्रमाणे शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळतो. घरचा प्रयोग जमला नाही तर शाळा बंद झाली असं समजायचं कारण नाही.

२. दाखल-खारीज रजिस्टरमधली नोंद तपासा

पहिली-दुसरी तरी शाळेत झालेली असेल तर उत्तम. नाव काढायला जाल तेव्हा शाळा सोडल्याचा दाखला हातात पडण्याआधीच हे रजिस्टर, म्हणजे शाळेत आलेल्या-गेलेल्या मुलांची नोंदवही, पाहायला मागा. नावाचं स्पेलिंग, वडिलांचं नाव, जन्मतारीख, जात, पोटजात, जन्मगाव हे सगळं जन्मदाखल्याशी आणि आधारशी ताडून बघा. मूल शाळेच्या पटावर असताना चूक दुरुस्त करून घेणं सोपं असतं. नंतर तीच गोष्ट भलतीच किचकट होते.

आपल्याकडे याचं महत्त्व का? जात प्रमाणपत्र आणि पुढे जात पडताळणी, दोन्हीकडे शाळेचा दाखला मागतात. ज्या लेकराचं नाव कधीच शाळेत नव्हतं, त्याच्यासाठी वडिलांचा आणि आजोबांचा दाखला, कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदींची) नक्कल असे जुने कागद शोधावे लागतात. ते घरात आहेत का, आजच पेटी उघडून बघा. नसतील तर तहसीलमधून नक्कल काढायचं काम उन्हाळ्यातच उरका, पेरणीच्या दिवसांत कोणाला वेळ होत नाही.

फाइलमध्ये एवढं हवं:

- जन्मदाखला आणि आधार कार्ड
- शाळा सोडल्याचा मूळ दाखला (लॅमिनेट करू नका, मागे शिक्का-सही लागू शकते)
- शेवटच्या इयत्तेचं प्रगतिपुस्तक
- वडिलांचा व आजोबांचा शाळेचा दाखला किंवा महसुली नोंदीची नक्कल
- पासपोर्ट फोटो, थोडे जास्तच

मूळ दाखला परीक्षेच्या फॉर्मसाठी कुठेतरी द्यावाच लागतो. त्याआधी साक्षांकित प्रती काढून ठेवा.

आणखी एक सांगते, कारण हे कोणीच आधी सांगत नाही. जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या परीक्षेला बसायचं तर मूल त्या जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त शाळेत पाचवीत शिकत असावं लागतं. तिथे किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना असतात, म्हणजे आपल्या लेकरांसाठी ती मोठी संधी आहे. स्कॉलरशिपची परीक्षाही शाळेमार्फतच होते. नवोदय डोक्यात असेल तर पाचवी होईपर्यंत नाव शाळेतच राहू द्या. घरी वाचन सुरू करायला नाव काढण्याची गरज नाही.

३. दहावी कोणत्या दाराने द्यायची ते ठरवा

दारं तीन आहेत.

पहिलं, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. दहावीसाठी वय किमान १४ लागतं आणि मराठी माध्यम मिळतं. परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्यात नऊ संधी मिळतात. एकेक-दोन-दोन विषय सोडवत गेलं तरी चालतं. शेतीच्या हंगामात अडकणाऱ्या किंवा तब्येतीने नाजूक मुलांना हे फार मानवतं. लहान वयासाठी त्यांचेच तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे अ, ब, क असे स्तर आहेत.

दुसरं, महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ. इथे पाचवी, आठवी, दहावी, बारावी असे टप्पे आहेत. वयाची अट प्रत्येक टप्प्याला वेगळी आहे, ती त्या वर्षीच्या सूचनेत वाचा.

तिसरं आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं, १७ नंबरचा फॉर्म. राज्य मंडळाची नेहमीचीच दहावी, खासगी विद्यार्थी म्हणून. अर्ज ऑनलाइन भरतात आणि संपर्क केंद्र म्हणून एक शाळा निवडावी लागते. केंद्र तालुक्याचं घ्या. एसटी थेट जाते का ते बघून घ्या, कारण प्रात्यक्षिक आणि अंतर्गत गुणांसाठी तिथे चकरा होतात.

एसटी स्टँडवर "महिनाभरात दहावी पास" अशी पोस्टरं दिसतात. त्यातल्या काही 'बोर्डां'ची नावं खऱ्या मंडळांसारखीच असतात. पैसे भरण्याआधी अकरावीच्या कॉलेजात जाऊन एकच विचारा, या बोर्डाच्या मार्कशीटवर प्रवेश देता का? फॉर्म भरून देणाऱ्या दलालाचीही गरज नाही. सेतू केंद्रात किंवा चांगल्या सायबर कॅफेत काम होतं.

४. वाचनालयाचं सभासद व्हा

गावात नाही तर शेजारच्या मोठ्या गावात सार्वजनिक ग्रंथालय असतंच. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा आहे आणि अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. ड वर्गाचं वाचनालय लहान असतं, दिवसातून थोडाच वेळ उघडतं. वेळ दारावर लिहिलेली असते. ती न बघता भरउन्हात कुलूप बघून परत जाणारे खूप.

सभासद व्हायला अर्ज, आधारची झेरॉक्स, फोटो, अनामत आणि महिन्याची वर्गणी लागते. बालविभागाची वर्गणी मोठ्यांपेक्षा कमी असते. लेकराच्या स्वतःच्या नावाचं कार्ड काढा. कार्डावर आपलं नाव असलेलं मूल पुस्तक वेळेवर परत करायची आठवण तुम्हालाच करून देतं.

आता आमच्या धंद्यातलं एक गुपित. बऱ्याच वाचनालयांत मुलांची चांगली पुस्तकं कपाटात असतात, पण बाहेर मांडलेली नसतात. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानकडून आलेली पुस्तकं तर पुष्कळदा न हाताळलेली पडून राहतात, कारण मागणारं कोणी नाही. तेव्हा "बालसाहित्याचं कपाट उघडून द्या" असं सरळ म्हणा. ग्रंथपाल कुरकुरला तर कुरकुरू द्या. हवं असलेलं पुस्तक नसेल तर मागणी लिहून द्या, नाव, लेखक, प्रकाशक यांसह. तोंडी मागणी विसरली जाते. खरेदीची घाई आर्थिक वर्ष संपताना असते, म्हणून दिवाळीच्या सुमारास चिठ्ठी द्या. जिल्ह्याचा ग्रंथोत्सव भरतो तेव्हा मुलाला घेऊन जा आणि पुस्तक त्यालाच निवडू द्या.

५. पुस्तक वयावरून निवडू नका

दहा वर्षांच्या मुलाला 'दहा वर्षांचं' पुस्तक देतात आणि ते वाचत नाही म्हणून रागावतात. आपल्या घरात वऱ्हाडी बोलली जाते. पुस्तकातली मराठी लेकराला अर्धी ओळखीची, अर्धी पाहुण्यासारखी वाटते. म्हणून निवडताना असं करा. पुस्तक मधूनच उघडा आणि अर्धं पान त्याला मोठ्याने वाचू द्या. जोडाक्षरावर अडखळला तर काही बिघडत नाही. पण वाक्य संपल्यावर "काय झालं मग?" विचारा. सांगता आलं तर पुस्तक त्याचं. अक्षरं बरोबर वाचली पण काय झालं ते सांगता येत नसेल, तर ते पुस्तक तुम्ही वाचून दाखवायचं. त्याला स्वतः वाचायला एक पायरी खालचं द्या आणि 'हे लहान मुलांचं' असं चुकूनही म्हणू नका.

वाचून दाखवताना मध्येच वऱ्हाडीत सांगा, बिनधास्त सांगा. "तो म्हणाला" चं "तो म्हणे" झालं तर मराठी बिघडत नाही.

६. मी कोणती पुस्तकं देते

अगदी लहानांना, तीन ते सहाच्या वयात, चित्रांची पुस्तकं. माधुरी पुरंदरे यांचे 'राधाचं घर' आणि 'यश' हे संच मी आधी काढते. रोजच्या घरातल्या गोष्टी, चित्रं भरपूर, उपदेश नाही. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालाही स्वस्त आणि चांगली. चकचकीत कागदावरची, ओळीओळीला 'तात्पर्य' सांगणारी स्टँडवरची पुस्तकं मी घेत नाही, कोणी भेट दिली तरी मागच्या रांगेत ठेवते.

वाचायला शिकत असलेल्या मुलासाठी सगळ्यात चांगलं पहिलं पुस्तक तुमच्याच घरात तयार होतं. भाद्रपदात भुलाबाई बसते, तेव्हा आजीकडून एकेक गाणं उतरवून घ्या. मोठ्या अक्षरात, एका पानावर एक कडवं. पोळ्याला बैलांपुढे म्हणतात त्या झडत्याही तशाच. मुलाला गाणं पाठ असतं, त्यामुळे बोट ओळीवर फिरवताना शब्द आपोआप सापडत जातात, आणि न समजता वाचण्याचा प्रश्नच येत नाही. वर्षभरात चाळीस पानी वही भरते. बाहेरून चित्र त्यालाच काढू द्या. ही वही फाइलमध्येही ठेवता येते, सर्व्हेवाल्या गुरुजींना दाखवायला याहून चांगला पुरावा नाही.

कवितांसाठी विंदा करंदीकर. 'राणीची बाग' आणि 'एटू लोकांचा देश' मोठ्याने म्हणायच्या असतात. नुसत्या वाचल्या तर अर्धी मजा जाते.

आठ ते अकराच्या मुलांना धावणारी गोष्ट लागते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आजही पळतो. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या थोडा जुन्या वळणाचा आहे, सुरुवातीची प्रकरणं तुम्ही वाचून द्या, मग मूल स्वतः पुढे जातं. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे शहरी आहे, पण खोड्या सगळीकडे सारख्याच.

'श्यामची आई' प्रत्येक पालक पहिलं मागतो. माझं मत, सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हातात ते देऊन मोकळं होऊ नका. साने गुरुजींनी ते रात्रींमध्ये बांधलं आहे, तर एका रात्री एक असं तुम्हीच वाचा. त्यातले शिवाशिवीचे, कर्जाचे, गरिबीचे प्रसंग आले की थांबा आणि बोला. कर्जाबद्दल आपल्या भागातल्या लेकरांना बरंच काही ठाऊक असतं, ती बोलतात.

अकरा-बाराच्या पुढे दोन पुस्तकं मी आग्रहाने देते. एक, वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर', १९८१ चं. सततच्या कापसाने निकस झालेल्या अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या जमिनीला भुईमुगासारख्या पिकांची फेरपालट सुचवणारा हा कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ. कापसाच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याच्या पोराला हे पुस्तक कुठे लागतं ते वेगळं सांगायला नको. वाचून झाल्यावर आपल्या शेतात कपाशीनंतर काय घेतो, का घेतो, हे त्याने बाबांना विचारून लिहावं. शेतीशास्त्राचे चार धडे त्यातच होतात. दुसरं, मारुती चितमपल्लींचं लेखन. वनखात्याच्या नोकरीत नवेगाव, नागझिरा, मेळघाट जगलेला हा माणूस. 'रानवाटा'पासून सुरू करा. माहितीची जंगलं आणि ओळखीची पाखरं पुस्तकात दिसली की मुलांची मान वर होते.

तेत्सुको कुरोयानागी या जपानी लेखिकेचं 'तोत्तोचान' मुलांना आवडतंच, पण ते आधी पालकांनी वाचावं. गिजुभाई बधेकांचं 'दिवास्वप्न'सुद्धा. शिकवायला बसण्याआधी ही दोन पातळ पुस्तकं झाली की निम्मी घाई कमी होते.

मासिक एकच घ्यायचं तर बालभारतीचं 'किशोर'. १९७१ पासून निघतंय.

७. फुकटात काय काय मिळतं

पाठ्यपुस्तकांचे पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, पहिलीपासून बारावीपर्यंत. पण मोबाइलवर गणित करता येत नाही, छापील घ्या. नागपूर आणि अमरावतीला बालभारतीचं भांडार आहे, नाहीतर गावातल्या मुलांची मागच्या वर्षीची पुस्तकं मागून घ्या. 'किशोर'चे जुने अंकही बालभारतीने नेटवर ठेवले आहेत, हा खजिना फार थोड्यांना माहीत आहे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी वाचनाच्या पायऱ्यांप्रमाणे लावलेल्या आहेत आणि उतरवून छापताही येतात. माहितीसाठी मराठी विश्वकोश आहे, मोठ्यांनी वाचून सोपं करून सांगावं असा.

विज्ञानासाठी अरविंद गुप्तांचं संकेतस्थळ. पुस्तकं आणि खेळण्यांचे व्हिडिओ, मराठीतही. सुरुवात माचिसच्या काड्यांपासून करा. सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्ह ट्यूब आणा, बोटाच्या पेराएवढे तुकडे कापा आणि तीन काड्या जोडून त्रिकोण करा. दाबला तरी हलत नाही. चार काड्यांचा चौकोन लगेच कलतो. त्याला एक तिरपी काडी लावली की घट्ट होतो. आता मुलाला घराच्या टिनाच्या छपराखालच्या कैच्या, म्हणजे छप्पर तोलणाऱ्या त्रिकोणी चौकटी, दाखवा. आणखी बोलायची गरज पडत नाही.

रेंज गावात येते-जाते, म्हणून तालुक्याला गेलात की सगळं उतरवून ठेवा. महागडी अ‍ॅपं विकायला कोणी घरी आलं तर चहा पाजा, सही करू नका. हप्ते बांधून देतात आणि मूल महिन्याभरात कंटाळतं.

८. वेळापत्रक हंगामाप्रमाणे लावा

शाळेसारखी अकरा ते पाच घंटा घरी लावली की पंधरा दिवसांत सगळे वैतागतात. लहानांना रोज दोन तास बसणं पुरतं, मोठ्यांना तीन-चार. विदर्भात ऊन म्हणून शाळासुद्धा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी भरतात. उन्हाळ्यात अभ्यास सकाळी करा आणि दुपारी कूलरसमोर फक्त वाचन. लाइट गेली तर मोठ्याने वाचा, एक वाचतो आणि बाकीचे ऐकतात.

कापूस वेचणीच्या दिवसांत वही शेतात न्या. कोणी किती किलो वेचला, किलोमागे दर काय, कोणाला किती द्यायचे, हा हिशोब लेकराने लिहावा आणि रात्री मोठ्यांनी तपासावा. दशांश अपूर्णांक मुलीला पाठ्यपुस्तकात जमले नव्हते, ते साडेसतरा किलोच्या गाठोड्याने जमले. हातच्या कामातून शिकवायचा विचार आपल्याकडे नवा नाही. गांधीजींनी नई तालीम मांडली ती वर्ध्यातच, १९३७ साली. मात्र याचा उलटा अर्थ काढू नका. दिवसभर वेचणीला लावायचं आणि त्याला शिक्षण म्हणायचं, हे मी पाहिलंय. हिशोब अर्ध्या तासाचा, मग मूल मोकळं.

नोंदवही रोज लिहा, दोन ओळी पुरे: तारीख, काय वाचलं, मूल काय म्हणालं.

९. पुस्तकं जगवा

घरच्या पुस्तकांना आपल्याकडे दोन शत्रू, उधई (वाळवी) आणि पावसाळी ओल. भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर पुस्तकं ठेवू नका. लोखंडी रॅक किंवा पेटी, भिंतीपासून वीतभर पुढे. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत पूर्ण वाळवून, ओला पाला बुरशी आणतो.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. वर्ष-दोन वर्षांत ती पिवळी पडते आणि अक्षरं घेऊनच निघते. मैद्याची पातळ खळ शिजवा, त्यात चिमूटभर मोरचूद घाला म्हणजे किडे लागत नाहीत. मोरचूद विषारी असतं, ते मोठ्यांनीच हाताळायचं आणि भांडं वेगळं ठेवायचं. पतंगाच्या पातळ कागदाची पट्टी खळीने चिकटवा, वर प्लॅस्टिकचा तुकडा आणि जड पाटा ठेवून रात्रभर राहू द्या. वाचनालयाचं पुस्तक फाटलं तर मात्र घरी काही करू नका. सुटलेलं पान पुस्तकातच घालून आणून द्या आणि सांगा. लपवून कपाटात खोचलेल्या पुस्तकापेक्षा ते आम्हाला परवडतं.